चौदा इंजेक्शनांचा वारसा

‘कुत्र्याच्या वाटेला जाऊ नकोस, चावला तर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील!’ ही ताकीद मराठी घरांतून किती पिढ्यांनी ऐकली असेल, त्याची गणती नाही. पुढे ती विनोदातही रुळली. परंतु त्या चौदा सुयांतून आपल्या शरीरात नेमके काय जात होते, ती लस एके दिवशी का बंद झाली आणि बंद व्हायला इतका उशीर का लागला, हे प्रश्न आपण क्वचितच विचारले. त्यांची उत्तरे शोधू लागले की एक विलक्षण इतिहास उलगडतो. मेंदूला शत्रूपासून धोका असतो हे माणसाला पूर्वीपासून ठाऊक होते. पण मेंदूला त्याच्या रक्षकापासूनही धोका संभवतो, हे वैद्यकशास्त्र प्रथम या लसीपासून शिकले. आज विषाणूजन्य मेंदूज्वरातून उठलेले एखादे मूल काही आठवड्यांनी पुन्हा आजारी पडते, तेव्हा त्याला वाचवणारे ज्ञान या जुन्या, दुःखद धड्याच्या वाटेनेच आलेले आहे.

पॅरिसहून कसौलीला

६ जुलै १८८५ रोजी अल्सास प्रांतातील जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्या आईने पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे आणले. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याचे लचके तोडले होते. पिसाळ रोगाचा विषाणू जखमेतून शिरतो, मज्जातंतूंच्या वाटेने सावकाश मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तेथे पोहोचला की माणसाचे मरण जवळजवळ अटळ असते. पाश्चर यांनी रोगी सशाचा पाठीचा कणा काढून त्यातील मज्जा कोरड्या हवेत सुकवली, तिचा जोर कमी केला आणि तिची टोचणी त्या मुलाला क्रमाक्रमाने दिली. मूल वाचले. दहा वर्षांनी, २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर निवर्तले, तेव्हा पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरात त्यांना राष्ट्रीय सन्मानाने अखेरचा निरोप देण्यात आला. त्यांचा स्मृतिदिन आज जगभर रेबीजविरोधी दिन म्हणून पाळला जातो.

हिंदुस्थानात चावा बसलेल्या गोऱ्या शिपायांना आरंभी थेट पॅरिसला पाठवावे लागे. १९०० साली कसौलीच्या थंड डोंगरावर पाश्चर संस्था उघडली आणि १९०७ मध्ये दक्षिणेत कुन्नूरला तिची भगिनी संस्था सुरू झाली. कसौली येथे डेव्हिड सेंपल या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या लष्करी डॉक्टरांनी लस करण्याची सोपी रीत काढली व १९११ मध्ये ती प्रसिद्ध केली. पिसाळ रोगाचा विषाणू प्राण्याच्या मेंदूत वाढवायचा, तो मेंदू वाटून त्याचा द्रव करायचा आणि कार्बोलिक आम्लाने विषाणू मारायचा. ही लस स्वस्त होती, टिकाऊ होती आणि दूरवरच्या दवाखान्यांत पाठवता येत होती. पुढे तिच्यासाठी मेंढ्यांचे मेंदू वापरले जाऊ लागले. ‘सेंपल लस’ या नावाने ती हिंदुस्थानभर आणि आशिया-आफ्रिकेतील अनेक देशांत पसरली.

आपल्या इलाख्यात ही लस तयार होई ती परळच्या हाफकिन संस्थेत. आपल्या वाचकांना या वास्तूचे एक वेगळे अप्रूप वाटावे. पोर्तुगीज काळात तेथे धर्मसंघीयांचा मठ व प्रार्थनामंदिर होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई सरकारने ते ताब्यात घेतले आणि पुढे तेथे गव्हर्नरचे निवासस्थान झाले. प्लेगच्या साथीत लस शोधणारे वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये तेथे आली. १९२५ पासून संस्थेला त्यांचेच नाव आहे. ज्या भिंतींनी एकेकाळी प्रार्थना ऐकल्या, त्यांच्याच आश्रयाने लक्षावधी गोरगरिबांसाठी औषध तयार झाले.

औषधाचे प्रमाण अधिक असे, आणि पोटाच्या सैल कातडीखाली त्याला जागा मिळे. म्हणून टोचणी पोटात. चावा गंभीर असला की ती दररोज एक याप्रमाणे चौदा दिवस चाले. पालघरहून मनोरकडे जाताना सूर्या नदीच्या काठी मासवण हे गाव लागते. तेथल्या एखाद्या पाड्यावरच्या मजुराला हे चौदा दिवस म्हणजे काय असतील, याची कल्पना करावी. चौदा दिवसांची मजुरी बुडायची, चौदा वेळा वाट तुडवायची किंवा दवाखान्याच्या ओसरीवर मुक्काम करायचा. अनेकांनी ही लस अर्ध्यावर सोडली असेल, तर त्यात नवल नाही.

रक्षक उलटला

लशीच्या इतिहासाला दुसरी बाजू होती. टोचणी घेतलेल्या काही माणसांना एक-दोन आठवड्यांत ताप व डोकेदुखी सुरू होई, पाय लुळे पडत, लघवी अडकून बसे. कोणी बेशुद्ध होई. काही बरे होत, काही कायमचे अधू होत, काही दगावत. हा पिसाळ रोग नव्हता, कारण ज्या कुत्र्याने चावा घेतला तो पुढे धडधाकट राहिल्याचे दिसे आणि तरीही टोचणी घेतलेल्याला पक्षाघात होई. पोल रेमलँजे या फ्रेंच वैद्याने १९०५ मध्ये अशा रुग्णांचा वृत्तांत एकत्र करून प्रसिद्ध केला. मग दोष विषाणूचा नसेल, तर कोणाचा?

त्या काळी जर्मनीतील थोर शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांचे मत प्रमाण मानले जाई. शरीराला स्वतःवर शस्त्र उगारण्याची निसर्गतःच धास्ती असते, असे त्यांनी मांडले होते. हे मत पुढे अपुरे ठरले. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये माकडांना निरोगी सशाच्या मेंदूचा द्रव वारंवार टोचून पाहिला. त्यात कोणताही विषाणू नव्हता. तरीही काही माकडांचे पाय लुळे पडले आणि त्यांच्या मेंदूत तसाच दाह आढळला. उत्तर हाती आले. लशीतील मेलेला विषाणू निर्दोष होता. त्याच्याबरोबर आलेली मेंदूची पेशीद्रव्ये घातक ठरत होती.

विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टण असते, तसे मज्जातंतूंवर ‘मायलिन’ नावाचे स्निग्ध आवरण असते. मेंढीचे मायलिन आणि माणसाचे मायलिन यांच्यात फारसा भेद नाही. मेंढीच्या मेंदूतील हे द्रव्य पुनःपुन्हा टोचले गेले की एखाद्याच्या प्रतिकारशक्तीला ते परके वाटू लागे. ती त्याच्याविरुद्ध सैन्य उभारी आणि ते सैन्य मग स्वतःच्याच मेंदूवर चालून जाई. थायलंडमधील डॉ. थिरावत हेमाचुधा व त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की सेंपल लशीनंतर आजारी पडलेल्यांच्या शरीरात मायलिनच्या एका विशिष्ट प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात. चोर समजून वाडेकऱ्यालाच बडवणाऱ्या पहारेकऱ्याची ही गोष्ट होती.

गोवराची साक्ष

हाच प्रकार लशीवाचूनही घडतो, हे दुसऱ्या एका आजाराने उघड केले. इंग्लंडमधील शल्यवैद्य जेम्स ल्यूकस यांनी १७९० मध्येच गोवरानंतर पाय लुळे पडल्याचा एक रुग्ण नोंदवून ठेवला होता. गोवर झालेल्या साधारण हजारातील एका रुग्णाला, पुरळ मावळत असताना, अचानक पुन्हा ताप चढतो, झटके येतात, शुद्ध हरपते. गोवराचा विषाणू मेंदूत शिरला असावा, असे दीर्घकाळ मानले जाई. अमेरिकेतील रिचर्ड जॉन्सन आणि डायेन ग्रिफिन यांनी सहकाऱ्यांसह पेरू देशातील अशा रुग्णांचा अभ्यास करून १९८४ मध्ये निष्कर्ष मांडले. मेंदूत गोवराचा विषाणू सापडत नव्हता. उलट अनेक रुग्णांच्या रक्तपेशी मायलिनवर चवताळलेल्या होत्या. सेंपल लशीच्या रुग्णांशी त्यांचे साम्य उघड होते. विषाणू आला, प्रतिकारशक्तीचा तोल ढळवून गेला. आणि त्याच्यामागून आपल्याच माणसांनी घर जाळले.

यावरून लसीकरणाला भिण्याचा धडा कोणी घेऊ नये. गोवराची लस आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात १९८५ पासून आहे आणि तिच्यात मेंदूचा अंशही नसतो. लस टाळणाऱ्याच्या पदरी गोवरही पडतो आणि त्याच्यामागून येणारा हा दाहही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ उसळून बालके दगावली, ती घटना अजून ताजी आहे.

ज्वर गेला, दाह उरला

आता आपल्या विषयाचा नवा अध्याय. मेंदूज्वर आणणारे विषाणू अनेक आहेत. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डासांवाटे येतो. चांदीपुरा विषाणूला तर आपल्याच महाराष्ट्रातील नागपूरजवळच्या गावाचे नाव मिळाले आहे. १९६५ मध्ये तेथील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो प्रथम वेगळा केला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वराने आजारी पडून १८३ दगावली, तेव्हा शास्त्रज्ञांची बोटे याच विषाणूकडे वळली. पण ज्या विषाणूने प्रतिकारशक्तीच्या बंडाचे कोडे सोडवले, तो याहून कितीतरी परिचयाचा आहे. तापानंतर ओठांच्या कडेला बारीक फोड उठवणारा हा हर्पिस सिम्प्लेक्स. बहुतेकांच्या शरीरात तो आयुष्यभर निमूट पडून राहतो. क्वचित एखाद्याच्या मेंदूत शिरून हाहाकार माजवतो. औषध नव्हते तेव्हा अशा शंभर रुग्णांपैकी सुमारे सत्तर दगावत. गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून असायक्लोव्हिर हे औषध आले. १९८६ च्या अमेरिकन अभ्यासात त्याने मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांवर आणले. १९८८ च्या नोबेल पारितोषिकात एलियन यांचा वाटा होता.

औषधाने रुग्ण वाचू लागले, तसे एक नवे कोडे समोर आले. ताप उतरून घरी गेलेली काही माणसे, विशेषतः लहान मुले, काही आठवड्यांनी पुन्हा बिघडत. मूल झोपेनासे होई, किंचाळे, हातापायांना वेडेवाकडे हेलकावे देई, शिकलेले शब्द विसरे. मोठ्या माणसांत भ्रम, संशय, आक्रमकपणा दिसे. विषाणू परतला, असे समजून तेच औषध पुन्हा दिले जाई. परंतु पाठीतून काढलेल्या पाण्यात पुष्कळदा विषाणूचा मागमूस नसे.

उत्तराची किल्ली भलत्याच कुलपात सापडली. स्पेनमध्ये जन्मलेले व त्या वेळी अमेरिकेत काम करणारे डॉ. जोसेप दालमाऊ यांनी २००७ मध्ये बारा स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. बहुतेकींना बीजांडकोशात गाठ होती आणि सर्वांना अकस्मात मनोविकारासारखी लक्षणे दिसू लागली होती. त्या गाठीमुळे शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे मेंदूतील एनएमडीए नावाच्या ग्राहकांना, म्हणजे मज्जापेशींच्या दारावरील निरोप घेणाऱ्या प्रथिनांना, निकामी करत होती. बर्लिनच्या हाराल्ड प्रूस यांनी २०१२ मध्ये हर्पिस मेंदूज्वराच्या ४४ रुग्णांचे जपून ठेवलेले नमुने तपासले, तर १३ जणांत हीच प्रतिपिंडे निघाली. पुढे दालमाऊ यांच्या सहकारी ताइस आर्मांगे यांनी स्पेनमध्ये ५१ रुग्णांवर आजाराच्या पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १४ जणांना, म्हणजे चौघांपैकी जवळजवळ एकाला, तीन महिन्यांच्या आत हा दुसरा आजार जडला. बहुधा पहिल्यानंतर साधारण महिन्याने. जपानी मेंदूज्वरानंतरही अशी उदाहरणे नोंदली गेली आहेत. विषाणू मज्जापेशी फोडतो, एरवी आत झाकलेली प्रथिने उघडी पडतात आणि प्रतिकारशक्ती त्यांनाच शत्रू समजू लागते, अशी त्याची उपपत्ती सांगितली जाते. सेंपलच्या लशीने जे बाहेरून मेंढीचा मेंदू टोचून घडवले, तेच विषाणू आतून घडवतो.

सुदैवाने या दुसऱ्या आजारावर इलाज आहे. स्टेरॉइड, शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडद्रव्ये, रक्तद्रव बदलणे, आणि गरज पडल्यास प्रतिपिंडे घडवणाऱ्या पेशींना आवर घालणारे औषध, अशी चढती पायरी वैद्यांच्या हाती आहे. उपचार लवकर झाला तर अनेक जण सावरतात. मात्र आजार ओळखला जायला हवा, आणि येथेच आपल्या कुटुंबांची कसोटी आहे.

भूतबाधा की व्याधी?

काल शांत असलेली मुलगी आज अपशब्द बोलते, घरच्यांना ओळखत नाही, टक लावून शून्यात पाहते, हातपाय वेडेवाकडे फिरवते. अशा वेळी पाड्यावरचे लोक भगताकडे धावतात. आपल्यापैकी काही जण सैतानबाधेचा संशय घेऊन प्रार्थनेच्या मेळाव्यांमागून मेळावे पालथे घालतात. दोघांच्याही मागे व्याकूळ माया असते, तिला नावे ठेवू नयेत. पण ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत स्वच्छ आहे. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अपदूत-निष्कासनाच्या सुधारित विधीत सांगितले आहे की, हे लक्षण आजाराचे नाही याची खात्री आधी करून घ्यावी. आजार बरा करणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे. महागुरूंच्या स्पष्ट परवानगीशिवाय तो विधी करण्याची धर्मगुरूंनाही मुभा नाही. जुन्या करारातील सिराकच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान आणि आजाऱ्याची प्रार्थना यांना शेजारी शेजारी बसवतो. युरोपात पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा बसलेले लोक शतकानुशतके संत ह्यूबर्ट यांचा धावा करीत. त्यांच्या श्रद्धेला त्या काळी औषधाची जोड नव्हती. आपल्याला ती आहे, म्हणून आपली जबाबदारी अधिक.

गरिबांची लस

या इतिहासातला सर्वांत बोचरा भाग शास्त्राचा नाही, न्यायाचा आहे. पेशींच्या संवर्धनावर तयार केलेली, मेंदूचा अंश नसलेली नवी लस १९७६ मध्येच आपले सामर्थ्य दाखवून मोकळी झाली होती. इराणमध्ये पिसाळलेल्या कुत्र्यांनी व लांडग्यांनी चावलेल्या ४५ जणांना ती दिली गेली आणि सर्वच्या सर्व वाचले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९८४ च्या अहवालात, शक्य तेथे मेंदूपासून केलेल्या लशी बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. आपल्या देशात मात्र सेंपल लशीचे उत्पादन थांबायला डिसेंबर २००४ उजाडला. मधली वीस वर्षे ज्याच्या खिशात पैसे होते, तो औषधाच्या दुकानातून नवी लस विकत घेई आणि दंडात पाच टोचण्या घेऊन मोकळा होई. ज्याच्याजवळ पैसे नव्हते, त्याच्या पोटात मेंढीचा मेंदू जात राहिला.

डॉक्टरांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे एका बाजूला अटळ मरण होते आणि दुसऱ्या बाजूला शेकडो किंवा हजारो रुग्णांतून एखाद्याला होणारा पक्षाघात. अशा तराजूत जुनी लस टोचणे हेच योग्य होते, आणि तिने असंख्य जीव वाचवले. प्रश्न तराजूच्या दुसऱ्या पारड्यात नवी लस ठेवता येत असतानाही ती गरिबांसाठी का ठेवली गेली नाही, हा आहे. ती महाग होती, हे उत्तर खरे आहे. तथापि पुरेसे नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये कातडीत थोड्याशा मात्रेने लस देण्याच्या पद्धतीला आपल्या देशात मान्यता मिळाली. एका कुपीत अनेकांचे काम होऊ लागले आणि खर्च एकदम खाली आला. गरिबांच्या हिताला प्राधान्य द्यावे, असे आपली ख्रिस्तसभा सांगते, त्याचा अर्थ अशा वेळी कळतो. प्राधान्य द्यायचे ठरले की वाट सापडते. ठरायला मात्र वीस वर्षे लागतात.

वसई-विरारच्या नळांना येणारे सूर्या नदीचे पाणी मासवणच्या उदंचन केंद्रातून उचलले जाते. पालघर जिल्हा २०१४ मध्ये ठाण्यापासून वेगळा झाला. पण मेंदूविकाराचे तज्ज्ञ आणि प्रतिपिंडांच्या तपासण्या यांचा ओघ आजही मोठ्या शहरांकडेच आहे. ज्यांच्या उशापासून आपले पाणी येते, त्यांच्यापर्यंत निदान योग्य माहिती तरी आपल्या धर्मग्रामांतून पोहोचावी. पाड्यांवर काम करणाऱ्या धर्मभगिनी, शिक्षक, परिचारिका आणि युवक यांना हे सहज करता येण्याजोगे आहे.

सांगायचे ते थोडके आहे. कुत्रा चावला की जखम लगेच साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना-मिरची लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. चौदा इंजेक्शनांचा काळ संपला आहे; आता लस दंडात, मोजक्या फेऱ्यांत मिळते. जखम खोल असेल तर तीत भरावयाचे प्रतिपिंडांचे औषधही आग्रहाने मागावे. जुन्या भीतीपायी आज एखादा माणूस लस टाळत असेल, तर सेंपल लशीचा तो अखेरचा बळी ठरेल. आणि मेंदूज्वरातून उठलेले मूल दोन-तीन महिन्यांच्या आत पुन्हा विचित्र वागू लागले, झोप हरवून बसले, त्याची बोली अडखळली किंवा अंगाला हेलकावे येऊ लागले, तर ‘आजारपणाने हट्टी झाले’ असे म्हणून थांबू नये. त्याचे जुने कागद घेऊन मोठ्या रुग्णालयात जावे आणि डॉक्टरांना एवढेच विचारावे : हा ज्वर परतला आहे, की त्याच्यामागून आलेला दाह आहे? हा एक प्रश्न विचारता यावा, यासाठी जगातल्या किती माणसांनी किती सोसले, याचा हा इतिहास आहे.